सड्यावरच्या जुन्या चिरेखाणी

रत्नागिरी म्हटलें कीं समुद्र, माडांच्या बागा आणि हापूस आंबा या तीन गोष्टी बहुतेकांच्या मनांत उभ्या राहतात, आणि मुंबई-पुण्याकडून येणारा पाहुणा या तिन्हींचा लाभ घेऊन संतुष्ट मनानें परत जातो. परंतु खाडीकांठच्या एखाद्या गांवांतून वळणावळणाची घाटी चढून जो वर जाईल, त्याला थोड्याच वेळांत अगदीं निराळ्या प्रदेशांत आल्यासारखें वाटेल. चढ संपतो, झाडी मागें राहते, आणि समोर काळसर, उघड्या दगडाचें मैदान दूरवर पसरलेलें दिसतें. वैशाखांतल्या दुपारीं तेथें सावलीला झुडूप मिळत नाहीं, पायांखालचा दगड वहाणेंतूनहि भाजतो, आणि तापलेल्या हवेंत क्षितिजाची रेघ हलत असल्याचा भास होतो. या मैदानाला कोंकणांत सडा म्हणतात व त्याच्या दगडाला कातळ. समुद्रसपाटीपासून शंभर-दीडशे मीटर उंचीवर असे सडे एकामागून एक लागतात. खाड्यांनीं व वहाळांनीं ते मधून मधून चिरले आहेत, आणि त्या चिरांच्या तळाशींच गांवें, भातशेती व माडपोफळीच्या बागा वसलेल्या आहेत.

सड्याला वाळवंट म्हणावें काय, असें कोणी विचारील. वाळवंटाला वाळू हवी, आणि सड्यावर वाळूचा कण नाहीं. शिवाय वाळवंटांत पाऊस नसतो. थरच्या वाळवंटाच्या पश्चिम भागांत वर्षाकांठीं अडीचशे मिलिमीटरहि पाणी पडत नाहीं, तर रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतें. तरीहि वर्षांतले सातआठ महिने सडा वाळवंटासारखाच ओसाड असतो. येथें उणीव पाण्याची नाहीं, मातीची आहे. पडलेलें पाणी धरून ठेवावयास कातळावर बोटभरहि माती नसते; खळग्यांत जी थोडी सांचते तिच्यावर पावसाळ्यांत गवत उगवतें, सीतेच्या आसवांचे निळे ताटवे उठतात, आणि दिवाळी उलटली कीं सारें वाळून पुन्हा काळा दगड उघडा पडतो. हें मातीच्या अभावीं झालेलें वाळवंट आहे.

या दगडी वाळवंटांत जागोजाग जुन्या खाणी आहेत. खाण म्हटलें कीं ऐकणाराच्या मनांत कोलारसारखें चित्र येतें. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ सालीं बंद झाल्या तेव्हां तेथील भुयारें जमिनीखालीं तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेलेलीं होतीं. सड्यावरच्या खाणींत असें कांहीं नाहीं. त्या पुरुष-दोन पुरुष खोल, वरून उघड्या, चौकोनी खळगे आहेत. त्यांना नांव नाहीं, फलक नाहीं, आणि प्रवासाच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेखहि सांपडत नाहीं. परंतु कोंकणांतील घरें, विहिरी, देवळें, बांध आणि कित्येक किल्ल्यांचे तट यांचा दगड याच खळग्यांतून वर आला. श्रोत्यांपैकीं ज्यांचें मूळ घर कोंकणांत आहे, त्यांच्या घराच्या चार भिंती ज्या जागेंतून निघाल्या, ती रिकामी जागा कोठल्या तरी सड्यावर अजून उघडी पडलेली असेल. तिच्याकडे जाऊन पाहण्याची बुद्धि मात्र फारच थोड्यांना होते.

खाण पाहण्यापूर्वीं दगडाची ओळख करून घेतली पाहिजे. सह्याद्रि ज्या काळ्या पाषाणाचा बनला आहे तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या शिलारसाचा आहे. अशा पाषाणावर उष्ण प्रदेशांत लक्षावधि वर्षें पाऊस पडत राहिला, आणि पावसाळा व कोरडा काळ यांची पाळी अखंड चालू राहिली, म्हणजे त्यांतील वाळूचें द्रव्य, म्हणजे सिलिका, आणि चुन्यासारखीं विरघळणारीं द्रव्यें हळूहळू धुपून निघून जातात. जें विरघळत नाहीं तें मागें राहतें. तें म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियम यांचे क्षार. लोहाला हवा व पाणी लागून गंज चढतो, तोच तांबूस-जांभळा रंग या दगडाला येतो, आणि म्हणून त्याला जांभा म्हणतात. गंजलेला डोंगर म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. वरचें कवच उन्हानें कठीण होऊन काळें पडतें. त्याच्याखालीं बारीक नळ्यांनीं भरलेला मऊ लाल दगड असतो. त्याहून खालीं पांढरट, पिवळसर, जांभळट अशी चिकणमातीसारखी माती. आणि सर्वांच्या तळाशीं मूळचा काळा पाषाण.

या दगडाचें शास्त्रीय नांव लॅटेराइट असें आहे, आणि त्या नांवाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १८०० सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें फ्रान्सिस बुखानन या वैद्याला म्हैसूर, कानडा व मलबार या मुलखांची पाहणी करण्यास पाठविलें. मलबारांत अंगाडीपुरम् येथें त्यानें लोकांना हा दगड लोखंडी हत्यारानें विटेसारखा कापून काढतांना पाहिलें. जमिनींत असतां मऊ, आणि बाहेर काढून हवेंत ठेवला कीं कठीण, हा गुण त्याला चमत्कारिक वाटला. तेथील लोकभाषेंतहि विटेचा दगड अशाच अर्थाचें त्याचें नांव होतें. बुखाननचा वृत्तांत १८०७ सालीं छापून निघाला. त्यांत त्यानें विटेला असलेला लॅटिन शब्द घेऊन हें नांव बनविलें, आणि तेंच पुढें आफ्रिका व दक्षिण अमेरिकेंतील अशा दगडांनाहि लागू झालें. अंगाडीपुरमची ती जागा १९७९ सालीं भूशास्त्रीय राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. शास्त्रज्ञानें नांव दिलें खरें, पण तें त्याला सुचलें खाणींत काम करणाऱ्या अनाम माणसांच्या हातांकडे पाहून, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत सहसा सांगितली जात नाहीं.

आतां खाणींत उतरावयास हरकत नाहीं. जुनी, हातानें काढलेली खाण आणि अलीकडची यंत्राची खाण यांतला भेद प्रथम ओळखतां आला पाहिजे. गेल्या कांहीं दशकांत वर्तुळाकार पात्याच्या करवतीनें चिरे कापण्याची रीति सर्वत्र झाली आहे. अशा खाणीच्या भिंती सरळ तासल्यासारख्या असतात, आणि त्यांवर पात्याच्या फिरण्याच्या कमानदार रेघा एकसारख्या उमटलेल्या दिसतात. जुन्या खाणीची भिंत तशी नसते. तिच्यावर तिरपे, आंखूड, एकाशेजारीं एक पडलेले घाव असतात. उजव्या हातानें काम करणारा माणूस कोणत्या बाजूस उभा होता, कोठें तो दमून थांबला, कोठें दगड कठीण लागल्यामुळें घाव दाट झाले, हें लक्ष देऊन पाहिल्यास त्या घावांवरून कळतें. कडा झिजून गोल झालेल्या असतात, सावलीच्या बाजूस शेवाळ व नेचे वाढलेले असतात, आणि तळाशीं पाचोळ्याची थोडी माती सांचून तिच्यांत एखादें करवंदीचें जाळें किंवा उंबर उगवलेला असतो. गंमत अशी कीं भर उन्हाळ्यांत सड्यावर हिरवा रंग पाहावयाचा असेल तर या जुन्या खाणींतच पाहावा. माती धरून ठेवील असा खळगा माणसानें कातळांत केला, तेव्हां कोठें झाडाला पाय ठेवावयास जागा मिळाली.

चिरा हातानें काढण्याची पद्धति बाहेरून साधी दिसे, पण तिला सराईत हात लागे. प्रथम वरचें काळें, वेडेवांकडें कवच फोडून बाजूला टाकीत, कारण त्यांतून चौरस चिरा निघत नाहीं. मऊ लाल दगड उघडा झाला म्हणजे दोरीनें रेघा आंखून त्यांवर टिकावानें अरुंद चर खोदीत. तीन-चार बाजूंनीं चर पुरेसे खोल गेले कीं चिऱ्याच्या तळाशीं घाव घालून पहारीनें तो उचकटीत, आणि मग वर आणून तासून त्याला सुमारें सव्वा फूट लांबीचा ठरीव आकार देत. ओला चिरा मऊ असतो, म्हणून हें तासकाम तेव्हांच उरकावें लागे. पुढें त्याच्यांतील ओलावा जाऊन लोहाचे क्षार घट्ट बसतात व दगड कठीण होतो. जुन्या खाणीच्या तळाशीं चर खोदलेला पण न उचकटलेला असा एखादा चिरा क्वचित् राहिलेला असतो. पाहणारानें तो अवश्य शोधावा. खाणीचें काम कसें चाले हें समजावयास त्याच्याइतका चांगला शिक्षक नाहीं.

या चिऱ्यानें कोंकणचें घर घडविलें. जोतें चिऱ्याचें, भिंती चिऱ्याच्या, अंगणाचा कठडा चिऱ्याचा. आणि कातळांतच खोदलेली पायऱ्यांची विहीर, जिला घोडेबाव म्हणतात, तिचाहि दगड तोच. परंतु जांभा सच्छिद्र आहे, पाणी पितो, म्हणून भिंतीला चुन्याचा गिलावा करण्याची जुनी चाल होती, आणि ती केवळ शोभेसाठीं नव्हती. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूचें मंदिर याच दगडाचें असून तें १६०५ सालीं पूर्ण झालें. विसाव्या शतकाच्या मध्यास त्याच्या बाहेरील भिंतींचा गिलावा उतरविण्यांत आला. तेव्हांपासून त्याच्या उघड्या लाल भिंती पाहणारास फार रम्य वाटतात, पण पावसानें दगडाची झीज होऊं लागली आणि ती कशी थांबवावी हा तज्ज्ञांपुढें वादाचा विषय होऊन बसला. हल्लीं शहरांतून गांवीं घर बांधणारे हौशी लोक चिऱ्याची भिंत मुद्दाम उघडी ठेवतात. त्यांच्या आजोबांना हें ऐकून नवल वाटलें असतें.

जांभ्यांत लोह असतें असें वर सांगितलें. तें लोह काढून घेणारे लोकहि सह्याद्रींत होते. महाबळेश्वरच्या डोंगरांत धावड नांवाची जमात जांभ्यांतील लोहयुक्त दगड निवडून, लांकडाच्या कोळशाच्या छोट्या भट्ट्यांत तो वितळवून लोखंड करीत असे. एकोणिसाव्या शतकांत सरकारनें जंगलें राखीव केलीं, कोळशाला लांकूड मिळेनासें झालें, आणि विलायती लोखंडापुढें त्या भट्ट्या विझल्या. दक्षिणेस रेडीला स्वातंत्र्यानंतर लोहखनिजाच्या मोठ्या खाणी निघाल्या व त्यांचा माल गलबतांतून परदेशीं गेला. रेडी तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत होती, १९८१ पासून सिंधुदुर्गांत मोडते. त्याच खाणींत १९७६ सालीं माती उपसतांना गणपतीची एक मोठी द्विभुज मूर्ति सांपडली, आणि आतां रेडीचें नांव खनिजापेक्षां त्या गणपतीमुळेंच अधिक लोकांना ठाऊक आहे.

परंतु सड्याच्या पाठीवर हत्यार चालविणारा पहिला माणूस चिरे काढणारा नव्हता, धावडहि नव्हता. रत्नागिरी व राजापूर तालुक्यांतील सड्यांवर कातळांत कोरलेलीं चित्रें आहेत. गुराख्यांना व गांवकऱ्यांना त्यांतलीं कांहीं पूर्वींपासून माहीत होतीं. पण २०१२ नंतर सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनीं गांवोगांव हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून, त्यांचा पद्धतशीर शोध केला, आणि आज अशा चित्रांची संख्या हजाराच्या पलीकडे गेली आहे. कशेळीच्या सड्यावर एक हत्ती आहे; त्याची लांबी सुमारें १८ मीटर आहे आणि त्याच्या देहाच्या आंत इतर प्राण्यांच्या अनेक आकृति कोरलेल्या आहेत. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस आहे. देवीहसोळला चौकोनी, गुंतागुंतीची भौमितिक आकृति आहे. कांहीं ठिकाणीं गेंडा आणि पाणघोडा ओळखूं येतात, आणि हे प्राणी आज कोंकणांत कोठेंच नाहींत. चित्रांचा काळ अभ्यासक निरनिराळा सांगतात. कित्येक हजार वर्षांपूर्वींच्या, शिकार करून राहणाऱ्या माणसांचें हें काम असावें असें बहुतेकांचें मत आहे. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत या खोदचित्रांची नऊ स्थळें समाविष्ट झालीं. त्यांपैकीं उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचें गोठणें हीं सात रत्नागिरी जिल्ह्यांत आहेत.

येथें खाण आणि चित्र यांचा संबंध लक्षांत घेतला पाहिजे. चित्रें आहेत तीं सड्याच्या वरच्या काळ्या कवचांत, इंच-दोन इंच खोल. खाणवाला पहिलें काम करतो तें हेंच कवच फोडून फेंकून देण्याचें. त्याच्या हिशेबीं तें निरुपयोगी असतें. म्हणजे चित्र काढणारानें ज्या थरावर भरंवसा ठेवला, तोच थर चिरेखाणींत सर्वांच्या आधीं नाहींसा होतो, आणि त्याचे तुकडे गाडीरस्त्याच्या भरावांत जातात. चित्र तेथें होतें हें सांगावयास मग कांहीं उरत नाहीं. हातानें काढलेल्या जुन्या खाणी लहान असत. गांवाला लागेल तेवढा दगड काढून माणसें थांबत. यंत्राची खाण एका हंगामांत जेवढा सडा उकरते, तेवढा उकरावयास पूर्वीं पिढी जात असे. कवच पुन्हा तयार होण्यास जो काळ लागतो तो माणसाच्या मोजणींतला नव्हे.

याला केवळ लोभ कारण आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. सातबाराच्या उताऱ्यावर सड्याची जमीन पोटखराबा म्हणून लिहिलेली असते. ज्या जमिनींत पीक निघत नाहीं, म्हणून जिच्यावर आकार बसत नाहीं, ती पोटखराबा. महसुलाच्या दृष्टीनें शब्द बरोबर आहे. परंतु कागदावर जी जमीन खराब ठरली तिच्याबद्दल मालकाच्या मनांतहि ममता उरत नाहीं. एका उताऱ्यावर दहा-बारा नांवें, त्यांतले निम्मे मुंबईला, कोणाच्या वांट्याला किती हें कोणालाच नीट ठाऊक नाहीं. अशा स्थितींत चिऱ्याच्या खाणीसाठीं कोणी पैसे देऊं केले तर नाहीं म्हणावयास सबळ कारण हवें, आणि तें कारण आजवर कोणी त्याला सांगितलेलें नाहीं. चिरा हा कायद्यानें गौण खनिज आहे. तो काढण्यास सरकारची परवानगी लागते व ब्रासाच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापानें स्वामित्वधन भरावें लागतें. दगडाचें माप होतें. त्या दगडावर काय कोरलें होतें, याचा रकाना उताऱ्यांत नाहीं. खाणीवर राबणारे मजूरहि पुष्कळदां घाटावरून व कर्नाटकांतून आलेले असतात; पायांखालचीं चित्रें त्यांनीं ओळखावीं अशी अपेक्षा कशी करावी?

आणि जुन्या खाणी नकोत असें तरी कोणी म्हणावें? त्यांच्यामुळेंच गांवें उभीं राहिलीं. सिमेंटच्या भिंतीपेक्षां चिऱ्याची भिंत उन्हाळ्यांत थंड राहते, तिला भट्टी लागत नाहीं, आणि पिढ्यान् पिढ्या ती टिकते. हापूसच्या बागांची गोष्टहि याच जातीची आहे. ज्या कलमांचें सर्वत्र कौतुक होतें त्यांतलीं कितीतरी सड्यावरच्या कातळांत सुरुंगानें खड्डे फोडून, त्यांत बाहेरची माती भरून लावलेलीं आहेत. सड्याला हात लावूंच नये असा नियम करावयाचा तर रत्नागिरीची निम्मी ओळख पुसावी लागेल. प्रश्न हात कोठें लावावा आणि त्यापूर्वीं नीट पाहावें कीं नाहीं, एवढाच आहे.

आणखी एक गोष्ट पाण्याची. सच्छिद्र जांभ्यांतून पावसाचें पाणी खालीं झिरपतें, तळाच्या चिकणमातीवर अडतें, आणि सड्याच्या पायथ्याशीं झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. खालच्या वाडीची विहीर मार्गशीर्षांत भरलेली असते ती वरच्या ओसाड सड्याच्या जिवावर. सडा पाणी धरीत नाहीं असें आरंभीं सांगितलें तें त्याच्या पाठीविषयीं खरें आहे. पोटांत तो पुष्कळ धरतो. मोठ्या खाणी या थरांतून आरपार गेल्या म्हणजे पाण्याच्या वाटा बदलतात. खाणींत स्वच्छ हिरवें तळें दिसतें आणि खालच्या झऱ्याला ओढ लागते, अशी तक्रार कित्येक वाड्यांतून ऐकूं येते. या तळ्यांविषयीं पाहुण्यांना एक इशारा देणें जरूर आहे. त्यांच्या भिंती उभ्या कापलेल्या असतात, उतार नसतो, आणि आंत पडलेल्याला धरून वर येण्यास आधार मिळत नाहीं. अशा खाणींत मुलें बुडून मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रांत दर पावसाळ्यांत येतात. पोहण्याचा मोह तेथें करूं नये.

ज्याला हें सर्व डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यानें मार्गशीर्ष ते माघ या काळांत, सकाळीं लवकर किंवा उन्हें कलल्यावर जावें. तिरप्या उजेडांत उथळ रेघा उठून दिसतात. भर दुपारीं त्याच रेघांवरून माणूस पाय देऊन जातो आणि त्याला पत्ता लागत नाहीं. श्रावण-भाद्रपदांत फुलांसाठीं जाणारानें ओल्या कातळावर जपून चालावें, तो फार निसरडा होतो. वाटाड्या गांवांतलाच घ्यावा. चित्र नीट दिसावें म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरण्याची खोड कांहीं पर्यटकांना असते, ती सोडावी. जवळपास जुनी खाण असेल तर तिच्याकडेहि वांकडी वाट करून जावें. दोन्हीं ठिकाणीं दगड तोच, आणि टिकावाचे घाव पाहून डोळा तयार झाला म्हणजे चित्राच्या रेघेंत किती निराळ्या हत्यारानें, किती हळूहळू काम झालें असेल याचा अदमास येतो. लोखंडाची ओळख नसलेल्या माणसानें तें कवच दगडानेंच दगड झिजवून कोरलें असावें.

अलीकडे कांहीं गांवांनीं आपल्या चित्रांभोंवतीं गडगे घातले आहेत. उक्षीच्या गांवकऱ्यांनीं हत्तीच्या चित्राच्या रक्षणासाठीं असा पुढाकार घेतला, आणि इतर सड्यांवरहि गुरें व गाड्या चित्रावरून जाऊं नयेत म्हणून कमरेएवढ्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. गडगा अर्थातच चिऱ्याचा. सड्यावर दुसरा दगड आणावयाचा कोठून? त्याच्या चिऱ्यांवर करवतीच्या कमानदार रेघा अजून ताज्या दिसतात, आणि गडग्याच्या आंत दोन पावलांवर हत्तीच्या पाठीची रेघ सुरू होते.